इकॉलॉजी आणि उद्यानविद्या : दोन विषयांत पसरलेलं संशोधन आणि सायटेशनचा हिशोब

रानजाई (धागा)

नमस्कार मंडळी,

एका संशोधिकेच्या अर्जासाठी तिच्या आजवरच्या प्रकाशनांवर समितीपुढे ठेवायचं टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. नाव, संस्था आणि तिचे खरे आकडे इथे देत नाही, कारण क्षेत्र लहान आहे आणि ओळख पटायला वेळ लागत नाही. कामाचं स्वरूप मात्र सांगते.

सुरुवातीची बरीच वर्षं तिनं जंगलाच्या कडेला राहणाऱ्या रानटी मधमाश्या आणि रानफुलं यांच्या संबंधांवर काम केलं. ते पेपर इकॉलॉजीच्या जर्नलांत आले. पुढे ती फळबागांकडे वळली. बागेच्या बांधावर फुलझाडांची पट्टी राखली तर फळधारणेत फरक पडतो का, वेगवेगळ्या खुंटांवर (कलमाखालच्या मुळाकडच्या झाडांवर) बांधलेल्या कलमांचा बहर आणि परागीभवन करणाऱ्या कीटकांचा वावर यांचा मेळ बसतो का, असे तिचे प्रश्न. हे पेपर उद्यानविद्येच्या जर्नलांत. काही पेपर असे आहेत की ते कुठल्या बाजूला टाकावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता अडचण. आढावा घेणाऱ्या एकांनी तिचा एच-इंडेक्स (तिच्या पेपरांना इतर पेपरांतून मिळालेल्या संदर्भांवरून, म्हणजे सायटेशनवरून, काढलेला आकडा) पाहून ‘इकॉलॉजीच्या मानानं मध्यम’ असा शेरा मारला. दुसऱ्यांनी तोच आकडा पाहून ‘उद्यानविद्येत एवढा एच-इंडेक्स म्हणजे भक्कम काम’ असं लिहिलं. एकाच आकड्यावर दोन उलट निकाल! माझ्या मते दोन्ही शेरे टिकणारे नाहीत. पण मग त्या जागी काय लिहावं? नुसतं ‘काम चांगलं आहे’ म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. सायटेशनचा अभ्यास असलेल्यांनी आणि या दोन्ही विषयांत काम केलेल्यांनी लिहावं, ही विनंती.

---

आकडेमोड

चांगला धागा. आधी एच-इंडेक्सबद्दल, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली तो मांडला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे आणि ज्या शेवटच्या क्रमांकाच्या पेपरला किमान त्या क्रमांकाइतकी सायटेशन आहेत, तो क्रमांक म्हणजे एच. समजा सात पेपरना ४०, २२, १५, ९, ६, ५, ३ अशी सायटेशन आहेत. पाचव्याला ६ आहेत, म्हणजे बसतं. सहाव्याला ५ च आहेत, म्हणजे थांबायचं. एच झाला ५. पहिल्या पेपरची ४० ची उद्या ४०० झाली तरी एच ५ च राहणार.

आता तुमच्या प्रश्नाकडे. दोन विषयांचे एच वेगवेगळे काढले आणि मग एकत्र काढला, तर काय होतं? समजा इकॉलॉजीत १२ आणि उद्यानविद्येत १०. एकत्र एच १२ च्या खाली जाऊ शकत नाही आणि २२ च्या वर जाऊ शकत नाही. पण या दोन टोकांमध्ये तो कुठेही पडू शकतो. इकॉलॉजीतल्या १२ पेपरना प्रत्येकी १२ आणि उद्यानविद्येतल्या १० पेपरना प्रत्येकी १० च सायटेशन असतील, तर एकत्र एच १२. म्हणजे उद्यानविद्येचं सगळं काम आकड्यातून पुसलं गेलं! याउलट दोन्हीकडच्या या बावीस पेपरना शंभर शंभर सायटेशन असतील, तर एकत्र एच २२.

म्हणून एकत्रित आकडा कुठल्याही एका विषयाच्या मापानं तोलता येत नाही. विषयानुसार हे माप बदलतं हे खुद्द हर्श यांनीच पहिल्या लेखात नोंदवलं होतं. जीवशास्त्राकडचे एच भौतिकशास्त्रापेक्षा वर जातात, असं त्यांना दिसलं होतं.

---

कलमकर

मी फळझाडांवर काम करतो, त्यामुळे त्या बाजूनं लिहितो.

हंगामी पिकावरचा प्रयोग काही महिन्यांत आटोपतो. फळझाडाचं तसं नाही. खुंटांची तुलना करायची तर कलमं लावा, ती फळावर येईपर्यंत थांबा, मग पुढे कितीतरी वर्षं उत्पादन मोजा. त्यात अनेक फळझाडं एक वर्ष भरघोस फळतात आणि पुढच्या वर्षी ओढ देतात, त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावर काहीच बोलता येत नाही. अशा प्रयोगातून दहा वर्षांनी एक नीट पेपर निघतो. तो वाचणारे मोजके, आणि वाचून दुसरा पेपर लिहिणारे त्याहून मोजके.

पण उपयोग? सफरचंदाच्या एम-९ खुंटाचं उदाहरण घ्या. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग केंद्रात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रोनाल्ड हॅटन यांनी जुन्या, नावांचा घोळ झालेल्या खुंटांची छाननी करून त्यांची वर्गवारी लावली. त्यातला हा बुटका खुंट आज जगभरच्या दाट लागवडीच्या सफरचंद बागांचा आधार आहे. ज्यांनी तो वापरला ते बागायतदार आणि रोपवाटिकावाले. ते पेपर लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांचा वापर सायटेशनमध्ये येत नाही. नवा वाण काढणाऱ्यांचंही हेच. वाणाला नव्या वाणांच्या हक्कांसाठीच्या १९६१ च्या यूपॉव्ह या आंतरराष्ट्रीय करारानं आखून दिलेल्या चौकटीत हक्क मिळतात, पण एच-इंडेक्समध्ये त्या वाणाला जागा नाही.

तुमच्या संशोधिकेच्या खुंट आणि बहर यांवरच्या पेपरना सायटेशन कमी असतील, तर मला त्याचं नवल वाटणार नाही. त्या पेपरांत किती वर्षांच्या नोंदी आहेत ते बघा. माझ्यासाठी तो आकडा जास्त बोलका आहे.

---

पाणकणीस

@कलमकर, वेळ इकॉलॉजीतही लागतो हो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राचा पार्क ग्रास हा गवताळ कुरणावरचा प्रयोग १८५६ पासून सुरू आहे, अजूनही.

---

कलमकर

लागतो, मान्य. पण पार्क ग्राससारख्या प्रयोगाच्या नोंदींवर पिढ्यान्‌पिढ्या नवे प्रश्न विचारले गेले: माती, जातींची संख्या, उत्क्रांती, हवामान. प्रत्येक प्रश्नाचा वेगळा पेपर. खुंटाच्या चाचणीतून ‘या जमिनीत हा खुंट बरा’ एवढाच निष्कर्ष निघाला तर त्यावर पुढे इमारत बांधणारे कमी. हा फरक मोठा आहे.

---

आकडेमोड

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे विषयानुसार समायोजन. पेपरला मिळालेली सायटेशन भागिले त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांची जागतिक सरासरी. उत्तर १ आलं तर सरासरीइतकं. समजा उद्यानविद्येतल्या पेपरला १८ सायटेशन आहेत आणि तिथली सरासरी १२ आहे, तर १.५. इकॉलॉजीतल्या पेपरला ३० आहेत पण तिथली सरासरी ४०, तर ०.७५. कच्च्या आकड्यात दुसरा पुढे, समायोजित आकड्यात पहिला त्याच्या दुप्पट. (हे आकडे समजण्यापुरते आहेत.)

पण इथे एक खाच आहे आणि ती रानजाईंच्या कामाची आहे. पेपरचा विषय बहुतेक वेळा पेपर वाचून ठरत नाही, तो जर्नलवरून ठरतो. वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या डेटाबेसमध्ये जर्नलला ‘इकॉलॉजी’, ‘हॉर्टिकल्चर’, ‘प्लांट सायन्सेस’ अशा वर्गांत टाकतात आणि त्यातला पेपर आपोआप त्या वर्गाचा होतो. बागेतल्या रानटी मधमाश्यांवरचा पेपर ‘सायंटिया हॉर्टिकल्चुरे’त आला की तो उद्यानविद्येचा. तोच ‘जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजी’त आला असता तर इकॉलॉजीचा, आणि त्याची तुलना वेगळ्याच गटाशी झाली असती. पेपरमधला शब्दही न बदलता समायोजित आकडा बदलतो.

दरवर्षी गाजणारी ती ‘वरच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची’ यादी सगळ्यांना माहीत असेल. त्यात शास्त्रज्ञांची वाटणी २२ क्षेत्रं आणि १७४ उपक्षेत्रांत केलेली असते. इकॉलॉजी हे जीवशास्त्राखालचं उपक्षेत्र, तर हॉर्टिकल्चर हे शेती, मत्स्य आणि वनं यांच्याखालचं. माणसाचे पेपर ज्या उपक्षेत्रात जास्त ते त्याचं मुख्य उपक्षेत्र आणि क्रमवारी त्यातलीच. दोन्हीकडे जवळजवळ सारखं काम असलेल्याचं मुख्य उपक्षेत्र दोनचार पेपरांनी इकडचं तिकडे होऊ शकतं, आणि तुलना कोणाशी होणार ते सगळं त्यावर ठरतं.

---

सडेतोड

सगळं वाचलं. तरीही आकड्यांच्या बाजूनं बोलायला कोणीतरी हवं, म्हणून लिहितो.

आकडे नव्हते तेव्हा काय होतं? कोण कोणाचा शिष्य, कोणाच्या शिफारशीचं वजन किती, यावर निर्णय होत. ज्याला गॉडफादर नाही त्याच्या हातात स्वतःचं काम दाखवायला काही नव्हतं. आज एखादी संशोधिका ‘माझ्या पेपरना अनोळखी लोकांनी इतक्या वेळा आधार म्हणून वापरलं आहे’ हे दाखवू शकते. ही ताकद काढून घेऊ नका. ‘पेपर वाचा’ हे म्हणणं सोपं आहे. शेकडो अर्ज समोर असताना कोण वाचतं? आणि वाचणाऱ्याचे पूर्वग्रह नसतात का?

---

रानजाई

@सडेतोड, तुमचा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच मी आकडे टाकून द्यायच्या विचारात नाही. इथे अर्ज एकच आहे, वाचायला वेळ आहे. मला आकडे हवे आहेत, पण नीट मांडलेले.

संशोधनाच्या मोजमापाबद्दलच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांपैकी पहिलंच हे आहे की मोजमापानं जाणकाराच्या निर्णयाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. विषयागणिक सायटेशनच्या पद्धती वेगळ्या असतात हे लक्षात घ्यावं, हेही त्यात आहे. स्थानिक गरजेच्या संशोधनाला संरक्षण द्यावं हे तिसरं तत्त्व तर कलमकरांच्या खुंटांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं!

---

सडेतोड

मग हरकत नाही. फक्त जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर पेपरच्या नावापुढे लिहू नका. ती खोड मला सगळ्यात घातक वाटते.

---

आकडेमोड

शंभर टक्के सहमत. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमध्ये आधीच्या दोन वर्षांत आलेल्या पेपरना या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली. नॉर्वेच्या पेर सेग्लेन यांनी १९९७ मध्ये दाखवलं की जर्नलमधल्या वरच्या साधारण १५ टक्के पेपरांकडेच निम्मी सायटेशन जातात. म्हणजे सरासरी थोड्यांमुळे फुगते आणि बाकीच्यांच्या नावावर लागते. शिवाय दोन वर्षांची खिडकी फळझाडांच्या कामाला फारच अपुरी. त्या पेपरवर पुढचा प्रयोग करून छापेपर्यंत खिडकी कधीच बंद झालेली असते. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेल्या आणि पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या डोरा घोषणापत्राचा मुख्य आग्रह हाच: माणसाचं किंवा एकेका पेपरचं मूल्यमापन जर्नलच्या आकड्यावरून करू नका.

---

ग्रंथसूची

मी ग्रंथालयात काम करते, रोजच अशा याद्या तपासते. काही व्यवहारातल्या गोष्टी.

पहिली म्हणजे आकडा कुठून घेतला ते लिहाच. गुगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंट, पुस्तकं सगळं धरतं, त्यामुळे तिथे आकडा जवळपास नेहमीच मोठा दिसतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक नियतकालिकं धरतात. उद्यानविद्येत हा फरक जास्त जाणवतो, कारण बरंच काम परिषदांच्या खंडांतून, विस्तार-पुस्तिकांतून आणि प्रादेशिक नियतकालिकांतून येतं. ‘आक्टा हॉर्टिकल्चुरे’ ही आंतरराष्ट्रीय उद्यानविद्या संस्थेची मालिका बघा. परिषदांमधले निबंध त्यात येतात आणि त्या विषयात ती आवर्जून चाळली जाते. इकॉलॉजीवाल्याला मात्र परिषदेतला निबंध प्रकाशन म्हणून मोजावासाच वाटत नाही.

दुसरी, नावं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, आद्याक्षरांचे वेगवेगळे क्रम, यांमुळे एकाच व्यक्तीची दोन प्रोफाइल तयार होतात. विषय बदलला असेल तर हे हमखास होतं, कारण नाव जुळवणारी प्रणाली विषय, सहलेखक आणि संस्था यांचाही आधार घेते. तिघंही बदलले की प्रणालीला ती दुसरीच व्यक्ती वाटते. २०१२ पासून संशोधकाला ऑर्किडचा (ORCID, संशोधकांच्या ओळखीची प्रणाली) सोळा अंकी क्रमांक मिळतो. तो असेल तर त्यावरून सगळी यादी आधी जुळवून घ्या, मगच आकड्यांना हात लावा.

---

फुलचुखी

मी परागीभवनावर काम करते आणि या धाग्यात एक मोठी गोष्ट अजून आलेली नाही.

या दोन विषयांच्या सांध्यावर सर्वात जास्त सायटेशन कोणाला मिळतात? मोठ्या संकलनांना, म्हणजे अनेकांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या पेपरांना. क्लाइन आणि सहकाऱ्यांचा २००७ चा पेपर घ्या. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकं कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत आणि जागतिक उत्पादनातला ३५ टक्के वाटा अशा पिकांचा आहे, हे त्यात मांडलं. परागीभवनावरच्या कितीतरी पेपरांची पहिली ओळ या आकड्यानं सुरू होते. किंवा गारिबाल्दी आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा ‘सायन्स’मधला पेपर: ४१ पीक-प्रणालींच्या नोंदी एकत्र करून त्यांनी दाखवलं की रानटी कीटकांच्या भेटी वाढल्या की फळधारणा पाळीव मधमाश्यांच्या तेवढ्याच वाढीपेक्षा सुमारे दुपटीनं सुधारते.

ही संकलनं मोलाची आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या ४१ प्रणालींतल्या प्रत्येकीमागे कोणीतरी उन्हात उभं राहून फुलावर येणारा एकेक कीटक मोजलेला असतो. तो मूळ पेपर कुठे जातो? कधी मूळ संशोधक संकलनाचा सहलेखक होतो. कधी त्याच्या पेपरचा उल्लेख फक्त पुरवणी साहित्यातल्या यादीत येतो, आणि पुरवणीतले संदर्भ सायटेशनच्या डेटाबेसमध्ये सहसा मोजले जात नाहीत. म्हणजे तुमचं काम जगातल्या सर्वात गाजलेल्या पेपरच्या पायात असू शकतं आणि तुमच्या प्रोफाइलवर त्याची खूणही नसते. त्यानंतर सगळे संकलनच सायट करतात आणि मूळ पेपरची सायटेशन तिथेच थांबतात.

रानजाई, तुमच्या संशोधिकेचं काम परागीभवनाचं आहे आणि फळबागांतलं आहे. अशा संकलनांच्या पुरवण्या उघडून तिचं नाव शोधा. वेळखाऊ काम आहे, पण मी तुमच्या जागी असते तर सर्वात आधी हेच केलं असतं.

याच्या उलट बाजूही बघा. ती एखाद्या संकलनाच्या लांबलचक लेखक-यादीत असेल, तर त्या एका पेपरची सायटेशन तिच्या एकूण बेरजेवर छाया टाकतील. तिचा वाटा काय होता ते पेपरच्या शेवटी दिलेल्या लेखक-योगदानात सापडेल.

---

पाणकणीस

फुलचुखी, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून लिहा. फार महत्त्वाचं आहे.

साधनं देणाऱ्या पेपरांचंही असंच. सांख्यिकीतल्या मिश्र-प्रारूपांसाठीचं एलएमई-फोर हे संगणकावरचं पॅकेज सांगणारा २०१५ चा पेपर इकॉलॉजीत इतका सायट होतो की कुठलाही मधमाश्यांवरचा पेपर त्याच्या जवळपास जाणार नाही. सर्व विज्ञानात सर्वाधिक सायट झालेला पेपर कोणता? लॉवरी यांचा १९५१ चा, द्रावणातलं प्रथिन मोजायची पद्धत सांगणारा. तीन लाखांहून जास्त सायटेशन. पद्धत वापरली की सायटेशन द्यावंच लागतं. म्हणून शोध, पद्धत, परीक्षण-लेख आणि संकलन हे चार प्रकार एका रांगेत उभे करू नयेत.

---

रानजाई

मंडळी, मनापासून आभार. तुमच्या सूचनांवरून यादी पुन्हा लावायला घेतली आहे. जर्नलचं नाव झाकून, गोषवारा वाचून प्रत्येक पेपर तीन ढिगांत टाकते आहे: इकॉलॉजी, उद्यानविद्या आणि सांध्यावरचे. तिसरा ढीग वाटला होता त्यापेक्षा मोठा निघतो आहे.

आणि एक गोष्ट दिसली. सायटेशन किती, यापेक्षा ती कुठून येतात ते बघितल्यावर चित्र बदललं. तिच्या सुरुवातीच्या रानफुलांच्या पेपरना आता उद्यानविद्येच्या जर्नलांतून सायटेशन येत आहेत. बागेत रानटी मधमाश्या किती अंतरावरून येतात हा प्रश्न फळबागवाल्यांना पडला, तेव्हा उत्तर तिच्या जुन्या पेपरात होतं. उलट दिशेनंही थोडी येतात. शोभेची झाडं बागेतून बाहेर पडून रान व्यापतात, घाणेरी आणि जलपर्णी हे त्याचे जगभरचे नमुने, त्या विषयावर तिचा एक छोटा पेपर आहे. तो रोपवाटिकांच्या नियतकालिकात आला होता आणि त्याला सायट करणारे बहुतेक इकॉलॉजीवाले आहेत.

दोन विषयांनी एकमेकांचं वाचावं असं आपण नेहमी म्हणतो. इथे ते प्रत्यक्ष घडलेलं आहे, आणि एच-इंडेक्समध्ये त्याचा मागमूस नाही! मला हे टिपणाच्या मध्यभागी ठेवायचं आहे.

---

कलमकर

ठेवाच. आणि जुन्या पेपरना उशिरा सायटेशन येणं हा दोष समजू नका. सायटेशनच्या अभ्यासकांनी अशा पेपरांना ‘झोपलेली राजकन्या’ म्हटलं आहे, कारण ते वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहून मग अचानक वापरात येतात. आपल्याच विषयातला मोठा दाखला मेंडेलचा. वाटाण्यावरचं काम १८६६ साली छापून आलं. १८८१ साली फोके यांच्या वनस्पतिसंकरांवरच्या ग्रंथात त्याचा उल्लेख आला, पण महत्त्व कोणाच्या ध्यानात आलं नाही. १९०० साली डी व्हरीस, कोरेन्स आणि चेरमाक यांच्या कामातून ते वर आलं, तेव्हा मेंडेल जाऊन सोळा वर्षं झाली होती. मेंडेल फळझाडंही वाढवायचे आणि मधमाश्याही पाळायचे, म्हणजे तुमच्या संशोधिकेचे दोन्ही विषय.

---

सडेतोड

एक शंका. तिच्या उद्यानविद्येच्या पेपरांत स्वतःच्याच इकॉलॉजीच्या पेपरांची सायटेशन किती? दोन विषयांतला पूल तिनं एकटीनंच बांधला असेल तर ‘इकडून तिकडे सायटेशन जातात’ हे म्हणणं पोकळ ठरेल. समितीतलं कोणीतरी हे विचारणारच.

---

ग्रंथसूची

रास्त शंका. स्कोपसमध्ये लेखकाची स्वतःची सायटेशन वगळून हिशोब काढायची सोय आहे, सहलेखकांचीही वगळता येतात. विषय बदलणाऱ्याची सेल्फ-सायटेशन थोडी जास्त असणं स्वाभाविक आहे. तीच जागा, त्याच माश्या, आधीची पद्धत तिनंच लिहिलेली, मग दुसऱ्या कोणाचा संदर्भ देणार? तरी धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे शेजारी द्या. वगळल्यावरही तुमचा मुद्दा टिकला तर कोणाला बोट ठेवता येणार नाही.

---

रानजाई

आत्ताच वगळून पाहिलं, तिची आणि तिच्या नेहमीच्या सहलेखकांची मिळून. आकडा उतरला, पण उद्यानविद्येकडून रानफुलांच्या पेपरना येणारी बहुतेक सायटेशन जागेवर राहिली. सायट करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तिच्याबरोबर कधी लिहिलं आहे.

दोन्ही आकडे देते, डेटाबेसचं नाव आणि तारखेसकट. फुलचुखीनं सांगितलेल्या पुरवण्या उघडायला घेतल्या आहेत. पहिल्याच एका संकलनाच्या पुरवणीत तिच्या बागेच्या नोंदी सापडल्या, मुख्य पेपरच्या संदर्भयादीत मात्र तिचं नाव नाही. बाकीच्याही बघून झाल्या की इथेच लिहिते.